पाठीवरचा दवाखाना केवढा असावा?

डोंगर चढावयास किंवा डोंगरवाटेने धावावयास निघणाऱ्याने प्रथमोपचाराचे साहित्य जवळ बाळगावे की नाही, याविषयी आता फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो ते किती बाळगावे, कोणी बाळगावे आणि त्यातील कोणत्या जिनसा वैद्यकाचे शिक्षण न झालेल्या माणसाने हाताळाव्यात, याविषयी. आणि या तिन्ही बाबतींत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत इतके नवे संशोधन, इतके नवे नियम आणि इतका कटू अनुभव जमा झाला आहे की, जुन्या याद्या तशाच पुढे चालविणे आता युक्त ठरणार नाही. संपादकांच्या सूचनेवरून प्रस्तुत लेखात या प्रश्नाची पूर्वपीठिका, त्यातील मुख्य पक्ष आणि अनिर्णित राहिलेले मुद्दे सोलापुराच्या दृष्टीने मांडण्याचे योजिले आहे.

सोलापुराच्या दृष्टीने असे मुद्दाम म्हणावयाचे कारण इतकेच की, बाजारात मिळणाऱ्या तयार पिशव्या आणि पुस्तकांतून फिरणाऱ्या याद्या या बहुतांशी थंड मुलखातील डोंगर डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या आहेत, आणि आपला मुलूख त्याहून सर्वस्वी निराळा आहे. येथील चालणारा वा धावणारा सराव करतो तो हिप्परग्याच्या तलावाकडे, नान्नजच्या बाजूच्या माळांवर, फार तर नळदुर्गाच्या परिसरात किंवा येडशीजवळच्या रामलिंगाच्या घाटात. राजगड-तोरण्यासाठी त्याला पुणे ओलांडून जावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर चढणे येथे नवलाचे नाही. पायाखाली मुरूम आणि बाभळीचा काटा, वस्तीजवळून जाताना अंगावर येणारी कुत्री, दगड उचलला तर खाली विंचू किंवा फुरसे, अशी येथील संकटांची जात आहे, आणि पिशवीचा विचार या जातीस धरून व्हावयास हवा.

पूर्वपीठिका

प्रथमोपचार ही सामान्य माणसाने शिकून ठेवावयाची विद्या आहे, हा विचार फार तर दीड शतकाचा. १८५९ साली सोल्फेरिनोच्या रणभूमीवर जखमींचे हाल पाहून आंरी द्यूनाँ यांनी जी चळवळ आरंभिली तिच्यातून रेडक्रॉस संस्था उदयास आली. १८७७ साली इंग्लंडात सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन स्थापन होऊन पोलीस, रेल्वेचे नोकर आणि खाणकामगार यांना पद्धतशीर शिक्षण मिळू लागले. १८८८ च्या सुमारास अमेरिकेत रेल्वेमार्गावर राबणाऱ्या मजुरांकरिता जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीने तयार पेट्या विक्रीस काढल्या. आणि आपल्याकडे १९२० च्या कायद्यान्वये भारतीय रेडक्रॉस सोसायटी अस्तित्वात आली. याच कालखंडात एस्मार्क या जर्मन शस्त्रवैद्याने त्रिकोणी पट्टी प्रचारात आणली व ती कोठे कशी बांधावी याची चित्रे त्या कापडावरच छापविली. साहित्य आणि त्याचे ज्ञान ही एकाच कापडाची दोन अंगे आहेत ही त्याची दृष्टी मला या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कारण पुढे पेटी दुकानात विकत मिळू लागली आणि शिक्षण मात्र वर्गात जाऊन घ्यावे लागत राहिले, तेव्हा या दोहोंची जी फारकत झाली तीच आजच्या बहुतेक वादांच्या मुळाशी आहे.

सोलापूरकरास या इतिहासात एक घरचे नाव सापडते. १९१० साली या शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, उत्तर चीनच्या डोंगराळ रणक्षेत्रात बेथ्यून यांच्या नावे चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख झाले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच निवर्तले. भैय्या चौकातील त्यांच्या घरी आज त्यांचे स्मारक आहे. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, त्या नॉर्मन बेथ्यून या कॅनडियन शल्यविशारदाने शस्त्रक्रियेचे सारे साहित्य खेचराच्या पाठीवर लादता येईल अशा बेताने बसविले होते. दुर्गम मुलखात उपचार कोणते होऊ शकतील हे वाहतुकीच्या साधनावरून ठरते, हा धडा त्यातून मिळतो; परंतु ते साहित्य उपयोगी पडले याचे कारण ते उघडणारे हात शस्त्रवैद्याचे होते, हेही त्याबरोबरच लक्षात ठेवले पाहिजे.

याहून जुनी परंपरा तर आपल्याच जिल्ह्यातून दरवर्षी पायी जाते. आळंदीहून निघालेली ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात प्रवेश करते, आणि तेथपर्यंत पोहोचलेल्या वारकऱ्यांच्या पायांकडे ज्याने पाहिले असेल त्याला दीर्घ अंतराच्या चालण्याने पायाचे काय होते हे निराळे सांगावयास नको. टाचेवर आणि चवड्यावर आलेले फोड, त्यांतून सुईने ओवून पाणी झिरपत राहावे म्हणून तसाच ठेवलेला दोरा, रात्रीच्या मुक्कामी तेल लावून पाय रगडणारे हात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच पायांनी पुन्हा वाटचाल. वेळापूरच्या अलीकडे जो ‘धावा’ होतो त्यात तर दिंड्याच्या दिंड्या उतारावरून धावत सुटतात, आणि धावणाऱ्यांत साठी-सत्तरीच्या बायाबापड्याही असतात. वारकऱ्याच्या पाठीवर औषधांची पिशवी क्वचितच असते. ती भूमिका दिंडीच्या ट्रकने, वाटेवरच्या गावांनी आणि शासकीय व सेवाभावी पथकांनी घेतलेली असते. एकट्याने सर्व काही बाळगावे की समुदायाने वाटून घ्यावे, या आजच्या वादाचे दुसरे टोक येथे नांदते आहे.

वजनाचा वाद

गिर्यारोहकांच्या जुन्या संप्रदायाचे म्हणणे असे की, पिशवी भरलेली असावी: हाड मोडल्यास खपची, मोठ्या रक्तस्रावास पुरेल इतके गॉज, चार जणांस पुरतील इतक्या गोळ्या. डोंगरात मदत यावयास तास लागतात, कधी रात्र लागते, तेव्हा अर्धा किलो अधिक वाहणे हा त्या विलंबाचा रास्त मोबदला होय. उलट वाटेवरून धावणाऱ्यांचा पक्ष म्हणतो की, वेग हीच एक सुरक्षितता आहे. हलका माणूस लवकर खाली उतरतो, कमी थकतो, आणि थकवा हेच घसरून पडण्याचे मोठे कारण असल्यामुळे जड पिशवी अपघात टाळण्याऐवजी ओढवून आणते. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे.

या वादाला स्पर्धांच्या नियमांनी एक मध्यम उत्तर दिले. २००३ साली सुरू झालेल्या आल्प्समधील युटीएमबी या शर्यतीत प्रत्येक धावकाजवळ शिट्टी, १.४० मीटर बाय २ मीटरची चंदेरी आच्छादनपत्री आणि किमान एक मीटर लांब व सहा सेंटिमीटर रुंद अशी चिकट लवचीक पट्टी असलीच पाहिजे, असा दंडक आहे. औषधांचा आग्रह नाही. हा दंडक अनेकांस जाचक वाटे. परंतु २०२१ च्या मे महिन्यात चीनच्या कान्सू प्रांतातील शंभर किलोमीटरच्या शर्यतीत अकस्मात थंड वारा, पाऊस व गारा कोसळून २१ धावक गारठ्याने मृत्यू पावले, आणि त्या शर्यतीत वाऱ्यापासून बचाव करणारे जाकीट सक्तीच्या यादीत नव्हते हे उघड झाले, तेव्हापासून सक्तीच्या बाजूचे पारडे निश्चित जड झाले आहे. सोलापुराच्या माळावर ती पत्री उन्हाळ्यात निरुपयोगी वाटेल. पण येथील माणूस डिसेंबरात तोरण्यावर रात्र काढतो, भर पावसात राजगडाची वाट धरतो, तेव्हा साठ-सत्तर ग्रॅमची ती घडी त्याने काढून ठेवावी असे मला वाटत नाही.

आपल्याकडे वजनाचा खरा प्रश्न मात्र पिशवीचा नसून पाण्याचा आहे, आणि तो परदेशी याद्यांत दिसत नाही. प्रथमोपचाराची सारी सामग्री दीडशे-दोनशे ग्रॅमांत बसते. दोन लिटर पाणी दोन किलो भरते. उष्माघातात शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते, मनुष्य बरळू लागतो वा बेशुद्ध होतो, आणि त्यावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही, कारण तो ताप संसर्गाचा नव्हे. सावलीत नेऊन कपडे सैल करणे, अंगावर पाणी ओतून वारा घालणे, बर्फ मिळाल्यास मानेशी, काखेत व जांघेत ठेवणे, आणि हे करीत असतानाच रुग्णवाहिका बोलावणे, हाच इलाज. आधी थंड करावे, मग हलवावे, याविषयी तज्ज्ञांत आता एकवाक्यता आहे. म्हणजे मे महिन्यात येथील सर्वांत प्राणघातक संकटावरचे औषध पाण्याच्या बाटलीत असते.

गोळ्यांचा आणि पुड्यांचा वाद

पिशवीतील जिनसांपैकी सर्वाधिक वादग्रस्त ठरली आहे ती वेदनाशामक गोळी. लांब पल्ल्याच्या धावकांत आयब्युप्रोफेन घेऊन धावण्याची प्रथा फार रूढ आहे, आणि कित्येक जण तर दुखण्यापूर्वीच ती घेतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत बहुदिवसीय शर्यतीतील ८९ धावकांस ८० किलोमीटरच्या टप्प्यात दर चार तासांनी ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. मूत्रपिंडावर तीव्र ताण आल्याची लक्षणे पहिल्या गटात ५२ टक्के व दुसऱ्या गटात ३४ टक्के लोकांत आढळली. या आकड्यांवरून एक पक्ष ती गोळी पिशवीतून सर्वथा हद्दपार करावी असे म्हणतो. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, रक्तातील तो बदल बहुधा तात्पुरता असतो, आणि पाय मुरगळून अर्ध्या डोंगरावर अडकलेल्यास, जो आता धावणार नाही, ती नाकारण्याचे कारण नाही. मला दुसऱ्या पक्षाचे म्हणणे मान्य आहे, पण सोलापूरच्या उन्हात पाणी आधीच आटलेल्या शरीरावर, पल्ला पुरा करण्याच्या ईर्ष्येने, तिचा वापर होऊ नये हे त्याहून अधिक मान्य आहे.

यालाच लागून कायद्याचा प्रश्न येतो. स्वतःच्या डॉक्टरांनी दिलेले औषध स्वतःसाठी बाळगणे निराळे आणि सहलीच्या प्रमुखाने प्रतिजैविकाची गोळी सोबत्याच्या हातावर ठेवणे निराळे. प्रिस्क्रिप्शनावाचून विकू नयेत अशा औषधांची यादी शासनाने केलेली आहे, आणि ज्यांस त्या औषधाची ॲलर्जी असेल त्यांच्या बाबतीत ही सद्भावना जिवावर बेतू शकते. म्हणून अनुभवी संस्था सहभागी व्यक्तीकडून तिचे आजार, चालू औषधे व ॲलर्जी आधीच लिहून घेतात. तो कागद पिशवीत असणे कित्येक गोळ्यांपेक्षा उपयुक्त आहे.

जलसंजीवनीची पुडी सर्वांना मान्य आहे, परंतु तिचा वापर नेमका होत नाही. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने पटकीचे रुग्ण वाचवून दाखविले, त्या उपचाराची ही पुढची पिढी. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने ठरविलेल्या सूत्राप्रमाणे २०.५ ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. धावकाच्या छातीवरची मऊ बाटली मात्र अर्ध्या लिटरची असते. घाईत पुडी फाडावयाची, अंदाजाने अर्धी ओतावयाची, उरलेली घडी करून खिशात ठेवावयाची. ती घामाने भिजते, दुसऱ्या वेळी तिचा गोळा निघतो, आणि मग पुढची अख्खी पुडीच अर्ध्या लिटरात पडते. द्रावण दुप्पट दाट झाल्याने पोट बिघडते व हेतूच विफल होतो. २०० मिलिलिटरसाठी लहान पुड्या मिळतात, त्या घेणे हा साधा उपाय. गोड पेयांची पाकिटे ओआरएस म्हणून विकण्यास २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, तेही ग्राहकाने ध्यानात ठेवावे. दुसऱ्या बाजूस, नुसते पाणी अतोनात पिऊन रक्तातील सोडियम घसरण्याचा धोकाही सिद्ध झाला आहे: २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावकांपैकी १३ टक्क्यांत तो आढळला. म्हणून तहानेप्रमाणे प्यावे, हे मत आज प्रबळ आहे. तथापि बोस्टनचा एप्रिल आणि सोलापूरचा एप्रिल यांत अंतर आहे, आणि आपल्या उन्हात केवळ तहानेवर विसंबावे काय, हा प्रश्न मिटलेला नाही.

दंश आणि चावे

सर्पदंशाने भारतात दरवर्षी सुमारे ५८,००० माणसे दगावतात असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरचे एकत्रित प्रतिविष रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावयाचे असते. ते पिशवीत बाळगण्याची कल्पना कोणीही जाणकार मांडीत नाही. चिरा देणे, विष चोखणे, आवळून दोरी बांधणे हेही सर्वांनी त्याज्य ठरविले आहे. वाद आहे तो पट्टीचा. १९७९ साली ऑस्ट्रेलियाच्या सदरलँड यांनी संपूर्ण अवयवावर लवचीक पट्टी दाबून गुंडाळण्याची पद्धत सुचविली. नाग-मण्यारीसारख्या मज्जातंतूंवर आघात करणाऱ्या विषास ती तर्कशुद्ध आहे. परंतु घोणस व फुरसे यांचे विष जागच्या जागी मांस नासविते, तेथे दाबाने हानी वाढण्याची भीती असते, आणि अंधारात चावलेला साप कोणता हे चावलेल्या माणसास कळत नाही. म्हणून आपल्याकडील मार्गदर्शनात भर आहे तो धीर देणे, अंगठी-कडे काढणे, अवयव खपची बांधून स्थिर ठेवणे आणि तातडीने रुग्णालयात नेणे यांवर. सोलापुरापुरता हाच निर्णय सयुक्तिक दिसतो.

विंचवाविषयी महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी कामगिरी महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केली. लाल विंचवाच्या दंशाने हृदयावर येणाऱ्या संकटाची लक्षणे त्यांनी ग्रामीण दवाखान्यात राहून नोंदविली, त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग रूढ केला, आणि एके काळी सर्रास प्राण घेणाऱ्या त्या दंशातील मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. हे औषध स्वस्त आहे, गोळीच्या रूपात आहे, मग ते पिशवीत का नसावे, असे विचारले जाते. त्याचे उत्तर असे की, ते रक्तदाब उतरविते, आणि ते केव्हा द्यावे हे लक्षणांवरून ठरविणे हे वैद्याचे काम आहे.

आग्यामोहोळ उठल्याने गडांवर झालेले अपघात सर्वश्रुत आहेत. तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनलिन हेच प्राणरक्षक औषध, पण परदेशांत रुग्ण स्वतःच मांडीत टोचून घेतात तशी तयार पिचकारी आपल्या बाजारात सहजी मिळत नाही. काचेची कुपी फोडून मात्रा मोजून टोचण्याचे काम अप्रशिक्षिताकडे सोपवावे का, यावर डॉक्टरांतही दोन तट आहेत. हा मुद्दा मी अनिर्णित म्हणूनच नोंदवितो.

कुत्र्याच्या चाव्याबाबत मात्र कसलाही वाद नाही, आणि तरीही बहुतेक याद्यांत त्याचा उल्लेख नसतो. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावयाची, आणि त्याच दिवशी लस घ्यावयाची. पंधरा मिनिटांचे पाणी कोणाच्याही पाठीवर नसते. ते हातपंपावर किंवा शेतातल्या मोटारीवर मिळते. साबण मात्र तेथे मिळेलच असे नाही, म्हणून साबणाची चकती मी पट्टीच्या बरोबरीने आवश्यक मानतो.

फेरतपासणीस आलेल्या समजुती

मुरगळलेल्या घोट्यास विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची देण्याचे सूत्र १९७८ साली गेब मर्किन यांनी रूढ केले; २०१४ साली त्यांनी स्वतःच लिहिले की, बर्फाने बरे होण्यास विलंब लागू शकतो. आता लवकर, बेताने हालचाल सुरू करण्याकडे कल आहे. जखमेवर स्पिरिट वा आयोडीन ओतण्यापेक्षा पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याने ती भरपूर धुणे श्रेयस्कर, हेही बऱ्यापैकी स्थिर झालेले मत. फोडांबाबत तर मोठ्या कंपन्यांच्या महाग पट्ट्यांना मागे सारणारा पुरावा पुढे आला: सुमारे २५० किलोमीटरच्या टप्प्याटप्प्याच्या शर्यतीत १२८ धावकांवर केलेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या कागदी चिकटपट्टीने, म्हणजे कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या मायक्रोपोरने, फोड सुमारे ४० टक्क्यांनी घटले. हे अंतर आळंदी ते पंढरपूर इतकेच आहे. मात्र तो प्रयोग बूट-मोज्यांवर झाला. चपला घालून किंवा अनवाणी, चिखलातून चालणाऱ्या पायांवर तसा प्रयोग व्हावयास हवा, आणि तो करावयास पंढरपूरच्या वाटेइतके योग्य स्थळ नाही.

दायित्व कोणाचे

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने २०१८ साली साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली व २०२१ साली राज्य शासनानेही साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यांत आयोजकाकडे प्रथमोपचाराची सामग्री व प्रशिक्षित माणसे यांची तरतूद अपेक्षिली आहे. परंतु चार मित्र आपापले निघाले तर आयोजक कोण? येथे नियमांचा हात पोहोचत नाही. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या शोध-बचाव पथकांचे स्वयंसेवक निरपेक्ष बुद्धीने धावून येतात, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून चालू आहे, तरी रुग्णवाहिका जेथवर येते त्या सडकेपासून रुग्ण जेथे पडला त्या वाटेपर्यंतचे अंतर सोबत्यांनीच सांभाळावयाचे असते. एका पक्षाला म्हणून गटात एकच मोठी पेटी सोयीची वाटते, तर दुसरा पक्ष दाखवून देतो की, धावणारे कधीच एकत्र राहत नाहीत आणि पेटी नेमकी पुढे निघून गेलेल्याच्या पाठीवर असते.

माझ्या मते सोलापूरच्या माणसाने स्वतःजवळ बाळगावयाच्या वस्तू थोड्या आहेत: बारीक टोकाचा चिमटा, साबणाची चकती, दोन क्रेप बँडेज, थोडे गॉज, कागदी चिकटपट्टी, जलसंजीवनीच्या लहान पुड्या, पॅरासिटामॉलच्या चार गोळ्या, स्वतःचे नेहमीचे औषध, शिट्टी, आच्छादनपत्री, आणि नाव, रक्तगट व घरचा क्रमांक लिहिलेला कागद. चिमट्याला मी पहिले स्थान देतो, कारण बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आरपार येतो व टोक आत मोडून राहिले की दोन दिवसांत पाय सुजतो. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतलेली असावी, आणि जखम मळकी व खोल असेल तर पाच वर्षे झाली असली तरी पुन्हा घ्यावी, हेही त्यालाच जोडून. बाकीचे सारे गटाच्या पेटीत जावे, आणि ती पेटी शेवटून चालणाऱ्याकडे असावी.

वाचकांस विनंती आहे ती अशी की, येत्या रविवारी निघण्यापूर्वी पिशवी घरी उघडून पाहावी. उन्हाळाभर गाडीच्या डिकीत राहिलेल्या चिकटपट्टीचा गोंद वितळलेला असतो व गोळ्यांची मुदत संपलेली असते. ते सारे बदलून, क्रेप बँडेज एकदा सोबत्याच्या घोट्यावर बांधून पाहावे, आणि जी वस्तू वापरता येत नाही ती शिकून घेईपर्यंत घरीच ठेवावी.